परसातल्या कोंबड्यांचा विरंगुळा : खाऊ, नवं खाणं आणि उकरायला जागा

अंगणातली (मुळशी)

घरच्या चार-सहा कोंबड्यांना काय खायला घालावं यावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं. त्या दिवसभर करतात काय, यावर फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा.

आमच्याकडे सहा जणी आहेत: दोन गावरान, तीन गिरिराज आणि एक कडकनाथ. मुंगूस आणि भटकी कुत्री यांच्यामुळे त्यांना मोकळं सोडता येत नाही, त्यामुळे खुराड्याला लागून जाळीचं आवार केलंय. लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरडलेलं तयार खाद्य) वेळेवर, पाणी स्वच्छ, सावली भरपूर. तरीही आवारात आल्यावर त्या एकमेकींची शेपटीकडची पिसं उपटायला लागल्या आणि उरलेला वेळ जाळीला चोची मारत उभ्या राहायच्या. पोट भरलेलं होतं, पण करायला काही नव्हतं.

तेव्हापासून मी खाऊ ताटलीत ठेवत नाही. शोधायला लावते. भाताच्या पेंढ्याचा गुडघाभर ढीग आवारात टाकायचा आणि त्यात मूठभर ज्वारी किंवा गहू उधळायचे. संध्याकाळपर्यंत तो ढीग त्यांनी जमिनीला समतल केलेला असतो. सकाळी पुन्हा ढीग करायचा. याच्याइतका स्वस्त आणि परिणामकारक खेळ मला दुसरा सापडलेला नाही.

दुसरं म्हणजे पत्ताकोबीचा अख्खा गड्डा सुतळीने टांगायचा. उंची अशी, की तिला मान ताणावी लागेल पण उडी मारावी लागणार नाही. चोच मारली की गड्डा झुलतो, पुन्हा समोर येतो. पहिल्या दिवशी सगळ्या लांब उभ्या राहून बघतात, दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून भांडतात. गड्डा संपल्यावर सुतळी लगेच काढून घ्या. दोरा किंवा लांब वाळलेलं गवत पोटात गेलं तर गळ्याखालच्या पिशवीत गुंता होऊन अडकतं.

दसऱ्यानंतरचे झेंडूचे हारही मी देते, पण पाकळ्या कुस्करून आणि दोरा काढून. घरच्या किंवा ओळखीच्या शेतातल्याच फुलांच्या. बाजारातल्या फुलांवर फवारणी किती झालीय ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. झेंडूतल्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे बलक छान केशरी येतो.

तुमच्याकडे काय चालतं? कोणता खाऊ त्यांना गुंतवून ठेवतो? आणि नवीन खाण्याला अजिबात शिवत नाहीत त्या कोंबड्यांचं काय करता?

डालगंवाले_आबा (पाटण)

ताई, चांगला विषय काढलास. आमच्याकडं सकाळी डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) उचललं की कोंबड्या थेट उकिरड्यावर. दिवस मावळायला आपणहून परत. त्यांना वेगळी करमणूक लागते असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण उकिरडा हीच त्यांची शाळा, तोच बाजार. शेणात किडे, पाल्याखाली गोगलगाई, सांडलेले दाणे, सगळं उकरून काढायचं. नांगरट चालू असली की नांगरामागं चालतात. हुमणीची पांढरी अळी वर आली रे आली की गट्टम. शेतकऱ्याचंही काम होतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की बंद आवारात असाल तर एका कोपऱ्यात छोटा उकिरडा करा. चार विटांचं कुंपण, शेण, ओला-सुका पाला, भाजीची देठं. आठवड्यात आत जीव धरतो. वर झाकण नको. कोंबड्या उलथापालथ करतील, तुम्ही पुन्हा ढीग करा. खतही लवकर होतं. विकतचा खाऊ आणायची गरज मला तरी वाटत नाही.

गोठा_आणि_दवाखाना (परभणी)

पशुवैद्यक आहे. वर दोघांनी जे लिहिलंय त्यामागचं कारण सांगतो, कारण ते कळलं की काय द्यायचं हे आपलं आपल्याला सुचत जातं.

आपली कोंबडी ही लाल रानकोंबड्याची वंशज. रानकोंबड्याच्या जाग्या वेळेतला अर्ध्याहून अधिक भाग जमीन टोचण्यात आणि उकरण्यात जातो. माणसाने हजारो वर्षं पाळूनही ही खोड गेलेली नाही. समोर भांडंभर खाद्य मोकळं ठेवलं तरी कोंबड्या उकरून मिळणारे दाणे शोधायला जातात, हे प्रयोगांत वारंवार दिसलंय. रानकोंबड्यांमध्ये ही ओढ जास्त, अंड्यांसाठी निवडलेल्या व्हाइट लेगहॉर्नमध्ये कमी, पण असते. उकरायला जमीन नसली की ती चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. पिसं उपटणं हे रागापेक्षा वाट चुकलेलं अन्न शोधणं असतं.

तरी पिसं जात असतील तर खाऊच्या मागे लागण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांडीच्या फटी तपासा. लाल माइट नावाचे बारीक किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. दोन, खाद्यातलं प्रथिन. अंड्यावरच्या कोंबडीला साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनाचं खाद्य लागतं, आणि त्यात मेथिओनिन (प्रथिनाचा एक घटक) कमी पडलं की पिसं खाण्याकडे कल जातो. या कारणामुळे पिसं जात असतील तर कोबी टांगून काही होणार नाही.

आता प्रमाण. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. त्याचा दहावा भाग, म्हणजे १० ते १२ ग्रॅम, एवढाच खाऊ. दाण्यांच्या हिशेबात हा एका कोंबडीला चमचाभर होतो, मूठभर नाही. पालेभाजी, काकडी, कलिंगड यांत पाणीच जास्त, त्यामुळे तिथे थोडी ढील चालते. मका, तांदूळ, शेंगदाणे यांची ढील मात्र महागात पडते. घरच्या लाडाच्या, कमी हिंडणाऱ्या कोंबड्यांत यकृतात चरबी साठते आणि एक दिवस चांगली दिसणारी कोंबडी अचानक मेलेली सापडते. शवविच्छेदनात यकृत पिवळं, ठिसूळ, फुटून रक्त साचलेलं. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती कोंबड्यांत हे मी पाहतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा मक्याचा लाड असतो.

खाऊ दुपारनंतर द्या. सकाळी भुकेच्या वेळी आधी मॅश पोटात जाऊ दे. कोंबडीला आवडीनिवडी आहेत, खाऊ दिसला की ती मॅशकडे पाठ फिरवते.

गच्चीवरची_शेती (ठाणे)

खूप उपयोगी धागा. आमच्या गच्चीवर तीन कोंबड्या आहेत, सोसायटीच्या परवानगीने. माती फक्त मोठ्या टबांत. प्रश्न असा की त्या नवीन काहीही खात नाहीत. काकडी ठेवली, पपई ठेवली, मोड आलेली मटकी ठेवली. लांबून मान तिरकी करून बघतात आणि निघून जातात. वाटलं गोड म्हणून पपई आवडेल. लहानपणापासून फक्त मॅशवर वाढल्या आहेत. आता शिकतील का?

गोठा_आणि_दवाखाना (परभणी)

शिकतील. गोडाचं म्हणाल तर कोंबडीला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणारं जनुक पक्ष्यांच्या पूर्वजांतच गळालं. पपई खातात ती रंग, ओलावा आणि मऊपणासाठी, आणि बिया टोचायला मजा येते म्हणून. त्याचप्रमाणे मिरचीचा तिखटपणाही त्यांना जाणवत नाही. लवंगी मिरचीच्या बिया कोंबडी आरामात खाते. जिभेवरचे चवीचे कण माणसाच्या तुलनेत फार थोडे, पण डोळे विलक्षण. माणसाला तीन रंग ओळखणाऱ्या पेशी, त्यांना चार. म्हणून नवीन खाणं आधी डोळ्यांनी ठरतं. हिरव्या ताटलीतला हिरवा तुकडा त्यांना दिसतो त्यापेक्षा मातीवर पडलेला लाल तुकडा लवकर नजरेत भरतो.

नव्याची भीती ही त्यांची संरक्षणाची पद्धत आहे, हट्ट नव्हे. रानात अनोळखी दाणा विषारी असू शकतो. ती मोडण्याचा मार्ग म्हणजे दुसरी कोंबडी. एकीने खाल्लेलं बघितलं की बाकीच्या पुढे येतात. पिल्लांच्या बाबतीत तर आई शिकवते. ब्रिस्टल विद्यापीठात क्रिस्टिन निकोल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की पिल्लं आईच्या मते चुकीच्या रंगाचं खाद्य खाताना दिसली की आई योग्य खाद्यापाशी जास्त जोरात टोचू आणि उकरू लागते. कोंबडाही दाणा सापडला की तो चोचीत उचलून पुन्हा टाकतो आणि कुक-कुक करून माद्यांना बोलावतो.

तुमच्या तिघींना आई मिळाली नाही, मशीनमधून निघाल्या. तेव्हा हे करा. काकडी किसून मॅशमध्ये थोडी मिसळा. दोन-तीन दिवसांनी कीस मॅशच्या वर, मग बाजूला, मग मोठा तुकडा. आणि तुम्ही स्वतः बोटाने त्या तुकड्यावर टकटक करा. बोटाची हालचाल त्यांना चोचीच्या टोचण्यासारखी वाटते आणि त्या बघायला येतात. न खाल्लेलं ओलं खाणं मात्र संध्याकाळी उचला, उंदीर येतात.

आणखी एक. गच्चीवर खडे नसतात. दाणे, भाजी, गवत काहीही देत असाल तर वाटीभर धुतलेली जाड वाळू किंवा ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक खडी कायम ठेवा. कोंबडीला दात नाहीत. कलेजीबरोबर जो पेठा मिळतो तीच तिची चक्की, आणि तिच्यातले दगड म्हणजे हे खडे.

कुडाळची_परसबाग

आमच्याकडे परसात चैन आहे, पावसाळ्याचे चार महिने सोडून. आधी चैनीचं सांगते.

वाळवी. जुन्या मडक्यात ओलसर शेण, पेंढा आणि फाटक्या गोणपाटाचा तुकडा घालायचा, वारुळाच्या जवळ जमीन थोडी खरवडून मडकं पालथं ठेवायचं, वर पाला टाकून सावली करायची. सकाळी आत वाळवी भरलेली असते. मडकं आवारात नेऊन झटकलं की कोंबड्यांची जी धांदल उडते ती बघत राहावी. पिल्लांसाठी याहून चांगलं प्रथिन नाही. आजी-पणजीपासून हे चालत आलंय आणि पश्चिम आफ्रिकेतही खेडोपाडी लोक अगदी असंच मडकं लावतात. घराला लागून मात्र लावू नका, लाकडी वाशांपासून दूर. आणि ज्या घरात वाळवीचं औषध मारलंय तिथली वाळवी मुळीच द्यायची नाही.

शिंपल्या. तिसऱ्या, मुळे, कालवं खाऊन झाली की शिंपल्या धुऊन, उन्हात वाळवून, पाट्यावर जाडसर कुटायच्या. मॅशमध्ये मिसळू नका, वेगळ्या करवंटीत ठेवा. जिला हवं ती खाते. संध्याकाळी करवंटी भरलेली असावी, कारण अंड्याचं कवच बरंचसं रात्रीत घडतं. अंड्यांची टरफलंही चालतात, पण तव्यावर भाजून अगदी चुरा करून, म्हणजे तिला अंड्याची ओळख पटून ती अंडी फोडायला शिकणार नाही.

फणसाच्या दिवसांत गरे काढून उरलेली चारखंडं (सालीचे तुकडे) तशीच ठेवायची. आतल्या पाती चोचीने ओढून काढायला त्यांना अर्धा दिवस पुरतो. आठळ्या उकडून, ठेचून.

आता पावसाळा. अंगणातलीताईंची पेंढ्याची युक्ती कोकणात जून ते सप्टेंबर करू नका. पेंढा दमट झाला की बुरशी धरते, आणि ती बुरशी उकरताना श्वासात जाऊन कोंबड्यांची फुप्फुसं खराब होतात. तेव्हा आम्ही पडवीत सुकी माती आणि चुलीतली चाळलेली राख यांचा हौद करतो. त्यात त्या लोळतात, अंगावर धूळ उडवतात, त्यातच मी थोडे तीळ आणि कणी टाकते. विरंगुळा आणि अंगावरच्या किड्यांचा बंदोबस्त दोन्ही होतं.

उन्हाळा_४५ (अकोला)

आमचा प्रश्न उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये कोंबडी उकरत नाही, खेळत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकत बसते. तिला घाम येत नाही, अंगाचं तापमान आधीच ४१ अंशांच्या आसपास, आणि बाहेर ४५. धाप लागून शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि त्यामुळे अंड्याचं कवच पातळ होतं. मे महिन्यात पातळ कवचाची अंडी आली की लोक फक्त कॅल्शियम वाढवतात, पण आधी तिला गार करायला हवं.

खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर. भर दुपारी दाणा नाही, कारण पचवतानाही शरीर तापतं. दुपारी फक्त पाणीदार गोष्टी: कलिंगडाच्या साली आतला पांढरा भाग ठेवून, काकडी, दुधीचे काप. पसरट परातीत पाणी भरून त्यात कलिंगडाचे तुकडे तरंगत सोडायचे. कोंबड्या पाय बुडवून उभ्या राहतात आणि तुकड्यांच्या मागे परातभर फिरतात. स्टीलचा डबा भरून बर्फ लावायचा, आत कोथिंबिरीची देठं आणि मटकी गोठवायची, आणि तो ठोकळा सावलीत ठेवायचा. वितळत जाईल तसे दाणे सुटत जातात. दिवसाला एका कोंबडीला एरवी पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरून चाला.

थेम्सकाठ (रेडिंग)

इंग्लंडमधून लिहितोय. वर दिलेल्या अर्ध्या गोष्टी मला इथे कायद्याने करता येत नाहीत, तेव्हा इथल्या मराठी कोंबडीवाल्यांसाठी लिहून ठेवतो. इथे घरच्या स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना देणं बेकायदा आहे, कोंबड्या पाळीव आणि दोन-तीनच असल्या तरी. शिळी पोळी नाही, भात नाही, भाजीची सालंही नाहीत. घर पूर्णपणे व्हीगन असेल तरच सूट. बागेतून थेट आवारात नेलेली भाजी चालते, म्हणून मी कोबीचा गड्डा आधी घरात आणत नाही. वाळवलेले मीलवर्म (एका किड्याच्या अळ्या) दुकानात रानपक्ष्यांसाठी मिळतात, तेही कोंबड्यांना देता येत नाहीत. २००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीनंतर उष्टं खरकटं जनावरांना घालण्यावर इथे बंदी आली, त्या धास्तीतून हे सगळं आहे. जाच वाटतो, पण ती साथ ज्यांनी पाहिली त्यांच्याशी बोललं की पटतं.

करमणुकीचा प्रश्न इथे खरा पेटला तो बर्ड फ्लूमुळे. ७ नोव्हेंबर २०२२ ते १८ एप्रिल २०२३ या काळात इंग्लंडभर सगळ्या पाळीव कोंबड्या आत ठेवायची सक्ती होती. हिरवळीवर हिंडायची सवय असलेल्या कोंबड्या पाच महिने छताखाली. तेव्हा शेजारच्या आज्या-आजोबांकडून मी शिकलो: बसायच्या दांड्या वेगवेगळ्या उंचीवर लावायच्या आणि दर आठवड्याला जागा बदलायच्या, गवताची गठडी न सोडताच ठेवायची म्हणजे त्याच ती फोडतात, प्लॅस्टिकच्या बाटलीला भोकं पाडून आत गहू घालायचे म्हणजे ढकलत राहिलं की एकेक दाणा पडतो. हुशार कोंबडीला बाटलीचं तंत्र दुपारपर्यंत समजतं आणि मग बाकीच्या तिच्या मागे मागे फिरतात.

सीमेवरचं_गाव (नंदुरबार)

बर्ड फ्लूचा विषय निघाला म्हणून. भारतात तो पहिल्यांदा सापडला फेब्रुवारी २००६ मध्ये आमच्या जिल्ह्यात, नवापूरला. पोल्ट्रीच नव्हे, आजूबाजूच्या घरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. म्हणून एक कळकळीची विनंती: खाऊ उघड्यावर उधळाल तर जाळीच्या आत, वर छत असलेल्या भागात. कावळे, पारवे, बगळे दाण्यासाठी उतरतात आणि रोग त्यांच्या विष्ठेतून येतो. उरलेलं संध्याकाळी झाडून घ्या. आणि एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर मांस वाटू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

माहेर_जुन्नर

मला काय देऊ नये याबद्दल एकदा नीट विचारायचं होतं. सासूबाई भुईमुगाची ढेप (पेंड) भिजवून देतात. कांद्याची पात? कच्चा बटाटा? सणाचं उरलेलं?

गोठा_आणि_दवाखाना (परभणी)

ढेपेपासून सुरुवात करतो, कारण घराघरांतला सगळ्यात मोठा धोका मला तोच वाटतो. ढेप ताजी, कोरडी असेल तर उत्तम प्रथिन. दमट, काळपट, वास येणारी असेल तर तिच्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं. हे विष जगाला माहीत झालं तेच पक्ष्यांमुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, आणि शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड. भिजवून, उकडून, भाजून हे विष जात नाही. मक्याचं, शेंगदाण्याचं आणि शिळ्या ब्रेडचंही तेच. बुरशीचा भाग काढून उरलेलं देऊ नका, सगळं फेकून द्या, आणि उकिरड्यावर नको, पुरून टाका.

कांदा थोडा चालतो, रोज भरपूर नको. जास्त झाला तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि अंड्याला वास येतो. लसूण चिमूटभर. बटाट्याच्या हिरव्या साली, टोमॅटोची आणि वांग्याची पानं-देठं नाहीत. पिकलेला टोमॅटो चालेल. राजमा, पावटा, सोयाबीन कच्चे कधीच नाहीत. उकळून शिजवलेले थोडे चालतात. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट नाही. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स नाही, मीठ त्यांना झेपत नाही. सुबाभळीचा पाला लोक प्रथिनासाठी घालतात, पण त्यातल्या मायमोसीन या विषारी घटकामुळे तो फार थोडाच द्यावा. त्याऐवजी शेवग्याचा पाला द्या, फांदीच टांगा. कुंपणाला कण्हेर, धोतरा, एरंड असेल तर आवार त्यापासून लांब ठेवा.

भोपळ्याच्या बियांनी जंत पडतात असं सर्रास सांगितलं जातं. बिया खाऊ द्या, अर्धा भोपळा ठेवला तर त्यांचा दिवस मजेत जातो. जंतांच्या औषधाची जागा मात्र त्या घेत नाहीत. विष्ठा तपासून औषध द्या.

एक गोष्ट खाण्याची नाही पण खाल्ली जाते. गणपतीच्या आरासीतला थर्माकोल उरलेला असेल तर कोंबड्यांच्या आसपास ठेवू नका. पांढरे हलके गोळे त्यांना भयंकर आवडतात, एकदा सुरू झाल्या की तुकडा संपेपर्यंत टोचत राहतात. खिळे, तारेचे तुकडे, स्टेपलरच्या पिनाही चमकतात म्हणून गिळतात. जाळी लावून झाल्यावर जमिनीवर लोहचुंबक फिरवा.

अंगणातली (मुळशी)

सगळ्यांचे आभार. आबांचा उकिरडा लगेच केला, कोपऱ्यात. पेंढ्यापेक्षा त्यांना तो जास्त आवडतोय असं दिसतंय, त्यामुळे पेंढा आता आठवड्यातून एखाद-दोनदाच. कुडाळच्या ताईंचं मडकंही करणार आहे.

माझ्याकडून अझोल्याची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या एका छोट्या वनस्पतीची, भर. सावलीत वीतभर खोल खड्डा, त्यात जाड प्लॅस्टिक, तळाला चाळलेली माती, शेणकाला, वर चार बोटं पाणी. मूठभर अझोला सोडला की पंधरवड्यात खड्डा हिरवा होतो. सुक्या वजनावर प्रथिन २० टक्क्यांच्या पुढे, पण ओला अझोला बहुतेक पाणीच असतो, म्हणून त्याला मॅशचा पर्याय समजायचा नाही. शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन, पसरट भांड्यात पाण्यावर तरंगत ठेवते. पाण्यातून खाणं टिपणं हा त्यांना पूर्णपणे नवा खेळ आहे.

आता एक शेवटची शंका. गावरानांतली एक खुडूक बसलीय, खाली अंडी ठेवली आहेत. तिला खुराड्यातच खाऊ नेऊन देऊ का? पिल्लं निघाली की त्यांना काय?

डालगंवाले_आबा (पाटण)

पोरी, तिला जागेवर खाऊ नको. ती दिवसातून एकदा उठते, पाव-अर्धा तास. विष्ठा टाकते, दाणा-पाणी घेते, मातीत लोळते आणि परत जाते. ते उठणं व्हायलाच हवं. जागेवर खायला दिलं तर तिथंच घाण करते, अंडी खराब होतात. दाणा-पाणी खुराड्याबाहेर, तिला दिसेल असं ठेव, आणि त्या वेळी बाकीच्यांना आत शिरू देऊ नको. अख्खी ज्वारी आणि मका थोडा चालेल तिला, एरवीपेक्षा कमी खाते.

गोठा_आणि_दवाखाना (परभणी)

आबांशी सहमत. २१ दिवसांनी पिल्लं निघाली की आधी फक्त स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं तयार खाद्य) आणि उथळ पाणी, पाण्यात गोट्या टाकून, म्हणजे बुडणार नाहीत. आईला लेअर मॅश वेगळा ठेवू नका, तीही स्टार्टरच खाऊ दे. लेअरमधलं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. आईसाठी शिंपल्यांची करवंटी उंचावर टांगा, तिची मान पोचेल आणि पिल्लांची पोचणार नाही अशी. दुसऱ्या आठवड्यापासून बारीक चिरलेली मेथी, उकडून चुरलेलं अंडं, थोडी वाळवी, आणि त्यासोबत बारीक चाळलेली वाळू. दाखवायचं काम तुम्ही करू नका. तुकडा आईसमोर टाका, बाकी ती बघून घेते.